एकसारखे दोन माणिक

गुरुवारी दुपारी बाबांनी खिडकीशी पांढऱ्या कागदावर दोन लाल खडे ठेवले आणि लेकीला हाक मारली. "ये. यातला आत्याचा माणिक कुठला, सांग."

रत्नं पारखण्यात त्यांचा जन्म गेला होता. घरी कुणाचा खडा आला की त्याच मापाचा नकली शोधून शेजारी ठेवायची त्यांना खोड होती. खरा कुठला आणि नकली कुठला, हे मात्र लिहायचे नाहीत. "लिहिलं की नजर आळशी होते."

तिने दोन्हींवर फुंकर घातली, भिंग लावलं आणि डावीकडचा उचलला.

"शाबास. आता हे टेबल तुझं," म्हणत त्यांनी दोन्ही खडे एकाच पुडीत बांधून खणात टाकले. चहा मागितला, गार आहे म्हणून कुरकुरले. शुक्रवारी पहाटे ते गेले.

तीन आठवड्यांनी आत्या आली. रडून झाल्यावर म्हणाली, "माझा खडा दे गं. आईची तेवढीच एक वस्तू उरलीय माझ्याकडे."

लेकीने पुडी सोडली, खडे मुठीत घेतले, फुंकर घातली. वाफ धरेचना, मुठीच्या उबेने ते तापले होते. थंड होऊ दिले. खऱ्यावरचं धुकं आधी विरायला हवं होतं, पण दोन्हींवरचं एकाच वेळी विरलं. भिंगातून एकात रेषा दिसल्या. सरळ असल्या तर खाणीतला, वळणदार असल्या तर भट्टीतला, बाबा सांगायचे. या सरळ होत्या. खडा जरा कलता केला की वाकत होत्या. दुसऱ्यात काहीच नव्हतं. ते चांगलं की वाईट? बाबांनी बहुतेक दोन्ही सांगितलं होतं.

"एवढा वेळ?" आत्या हसली. "दादा म्हणायचा, आमची पोर झोपेतसुद्धा ओळखेल. कान किटले होते आमचे."

"भिंग खराब झालंय."

"मग ओठाला लावून बघ. तो लावायचा. खरा गार लागतो म्हणे."

लावले. दोन्ही गार. आता मघाचा रेषांचा कुठला, तेही तिला सांगता येईना.

आत्याने तळहात पुढे केला. कुठलाही ठेवला असता तरी तिने विश्वासाने पर्समध्ये टाकला असता. लेकीने एक उचललाही. मग परत कागदावर ठेवला.

"बाबा," रिकाम्या खुर्चीकडे बघत ती म्हणाली, "मला नाही कळत. कधीच कळलं नाही. खऱ्याजवळ माझा हात गेला की तुम्ही श्वास रोखायचात. मी तेवढंच बघत होते."