डीकन स्टोअर्स कादंबऱ्या वाचत नाहीत

टेमारने शिवणमंडळातल्या सगळ्या बायकांची निराशा केली, आणि तीही पहिल्या दहा मिनिटांत.

वेस्ट टॉल्मन गावात तोवर पळून आलेला गुलाम कुणी पाहिलाच नव्हता. व्हरमाँटच्या त्या डोंगरांत गाई, मेपलची झाडं आणि चर्चमधली भांडणं याखेरीज होतं काय? पण वर्षभर बॉस्टनच्या एका साप्ताहिकातून सेलेस्टिना नावाच्या गुलाम मुलीची कादंबरी येत होती, आणि तिने गाव पार उलटंपालटं करून टाकलं होतं. दर गुरुवारी फिलुराबाईंच्या घरी मंडळ भरायचं. एकीने वाचायचं, बाकीच्यांनी शिवायचं आणि सगळ्यांनी मिळून रडायचं. गुलामांनी पिकवलेली म्हणून दुकानातली पांढरी साखर कुणी हातात घेईना. त्या वसंतात सात वासरांचं नाव सेलेस्टिना ठेवलं गेलं, त्यातले दोन तर गोऱ्हे होते!

आणि आता समोर खरीखुरी पळून आलेली गुलाम बाई, टेमार, बसली होती. चाळिशीची, अंगाने भरलेली, मेरीलँडमध्ये वीस वर्षं स्वयंपाकघर सांभाळलेली. ती सफरचंद भरून भाजलेल्या 'पाय'चा तिसरा तुकडा खात होती.

"तुझ्या मागावर शिकारी कुत्रे सोडले होते का गं?" एकीने सुई थांबवून विचारलं.

"नाही बाई. आमचा मालक कंजूष. कुत्र्यांना खायला घालावं लागतं ना."

"मग नदी? पोहून पार केलीस?"

"नावेतून आले. मासे आणायला चाललेय म्हणून सांगितलं."

"पण चक्कर तरी आली असेल की कुठे!"

टेमारने आठवून पाहिलं. "फिलाडेल्फियात शिळं डुकराचं मटण खाल्लं होतं, तेव्हा जरा गरगरलं. बाई, हे पीठ मळताना लोणी कोमट होतं का हो?"

फिलुराबाईंनी ओठ आवळले. तो 'पाय' त्यांनीच भाजला होता.

पण चेष्टेची वेळ नव्हती. टेमारला पकडायला आलेले दोघे जण आदल्या दिवसापासून खाणावळीत उतरले होते. खाणावळवाल्याने त्यांना ओलसर अंथरुणं आणि करपलेली लापशी दिली होती. वर्षापूर्वी हाच माणूस म्हणायचा, दक्षिणेकडचे लोक बघून घेतील त्यांचं, आपल्याला काय करायचंय! तरी कायदा त्या दोघांच्या बाजूने होता: पळालेला गुलाम कुठल्याही राज्यात सापडला तरी मालकाला परत द्यायचा. शुक्रवारी दहा वाजता शेरीफ येणार आणि घरोघर झडती सुरू होणार.

हा कायदा जिथे संपत होता ती कॅनडाची हद्द वीस मैलांवर. रस्त्याला गुडघाभर बर्फ. कुणाचीही घसरगाडी उत्तरेला वळली की संशय येणार, फक्त एक सोडून. डीकन एल्नाथन स्टोअर्स दर शुक्रवारी नऊ वाजता चीज घेऊन हद्दीपलीकडे जायचे. चर्चचे पुढारी, केसभरही इकडचं तिकडे न करणारा माणूस. त्यांची गाडी कोण अडवणार?

पण त्यांना तयार कोण करणार, हाही प्रश्नच होता. "कायदा वाईट असेल तर बदला, मोडू नका," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. आणि कादंबऱ्यांचा तर त्यांना मनस्वी तिटकारा. जे घडलंच नाही ते लिहिणं म्हणजे खोटं बोलणं आणि ते वाचणं म्हणजे खोट्याला घरात घेणं, असं त्यांनी प्रार्थनासभेत उभं राहून सांगितलं होतं, एकदा नव्हे, चारदा.

"म्हणजे ते काही सेलेस्टिनाची गोष्ट वाचत नाहीत," फिलुराबाईंना एकदम सुचलं. "टेमार, तू तीच सांग! तुझी म्हणून! झाडाच्या ढोलीतल्या तीन रात्री, कुत्रे, आणि ऐन वेळी कडाडून पडलेली वीज."

"पण हे खोटं आहे ना बाई."

"खोटं कसलं? छापून आलंय!"

"आणि माझं काय वाईट आहे?"

"अगं वाईट नाही गं," फिलुराबाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "पण मासे काय, नाव काय. त्याने त्यांचं काळीज हलायचं नाही."

टेमारला हे लागलं. चाळीस रात्री चालत, लपत ती इथवर आली होती आणि या बायांना कुत्रे हवे होते. पण गरज तिची होती. त्यांनी शिकवलं तसं ती घोकू लागली.

शुक्रवारी आठ वाजता फिलुराबाई तिला घेऊन डीकनच्या घरी गेल्या. डीकनबाई डॉर्कस चुलीपाशी मोजे विणत होत्या. डीकन ताठ बसले होते. टेमारने सुरुवात केली. ढोली झाली, घुबड झालं, अंधार झाला. डीकनची मान हळूहळू खाली गेली, डोळे ओले झाले. आता जमतंय, असं वाटून फिलुराबाईंनी टेमारला हळूच कोपराने ढोसलं.

"आणि मग ते दोन कुत्रे माझ्या अंगावर..."

"तीन," डीकन म्हणाले.

विणकाम थांबलं. "काय तीन?" डॉर्कसबाईंनी विचारलं.

"कुत्रे. तीन होते. एकावर वीज पडली, दुसरा ओढ्यात..." आणि डीकन थांबले. कानापासून मानेपर्यंत लाल झाले.

"अहो!" डॉर्कसबाई उठल्याच. "तरीच म्हटलं, धडधाकट गाय दर गुरुवारी आजारी कशी पडते! तासतासभर गोठ्यात बसून हे चाललं होतं होय?"

पकडला गेलेला माणूस आधी चिडतो. डीकनही चिडले. "माझं राहू दे! ही बाई माझ्या घरात बसून मला खोटं सांगते! हे सगळं सतराव्या भागातलं आहे!"

"अठराव्या," डॉर्कसबाई बोलून गेल्या आणि त्यांनी पटकन मोजे उचलले.

"खोट्यासाठी मी कायदा मोडणार नाही. जा तुम्ही." डीकन उभे राहिले.

भिंतीवरच्या घड्याळात साडेआठ झाले होते. फिलुराबाईंना रडू फुटलं. टेमारचं मात्र डोकं फिरलं. वीस वर्षं ज्या आवाजाने तिने स्वयंपाकघर चालवलं, तोच आवाज बाहेर आला.

"बसा खाली, डीकन."

डीकन बसले. त्यांना स्वतःलाच त्याचं आश्चर्य वाटलं.

"खरं पाहिजे ना? त्यात वीजबीज काही नाही, आधीच सांगते. मालकिणीच्या भाचीचं लग्न ठरलं. तिला आहेरात चांदीचे चमचे दिले आणि चमच्यांबरोबर मलाही देऊन टाकलं. सासर तिचं जॉर्जियात, पार दक्षिणेला. सोमवारी मला सांगितलं आणि वर म्हणाल्या, लग्नाच्या चादरी इस्त्री करून ठेव. मंगळवारी मी माशांची टोपली घेतली आणि निघाले. नवरा अंगणात लाकडं फोडत होता. त्याला सांगता येईना. त्याला माहीत असतं, तर चाबकाने त्याच्याकडून वदवून घेतलं असतं. मान वर न करताच तो म्हणाला, मोठे बघून आण गं. मी म्हटलं, आणते."

"एवढंच," ती म्हणाली. " रात्री जेवायला तो थांबला असेल."

फिलुराबाईंचं रडणं कधी थांबलं, कुणाला कळलंही नाही. डीकन उठले, खुंटीवरचा कोट घेतला आणि घोडे जोडायला बाहेर गेले.

नऊ वाजता घसरगाडी निघाली. चीजच्या पेट्यांमध्ये, केसाळ कातड्याच्या पांघरुणाखाली टेमार आडवी. खाणावळीसमोर गाडी थांबली.

"काय नेताय?" अनोळखी आवाज आला.

"चीज," डीकन म्हणाले. हे खरंच होतं.

"आणि ते कातड्याखाली कोण हललं?"

गाईचं आजारपण सोडलं तर साठ वर्षं हा माणूस खोटं बोलला नव्हता. आता संपलं सगळं, टेमारला वाटलं.

"माझी आत्या," डीकन म्हणाले. "बेथायाआत्या. देवी आल्यात तिला. पुटकुळ्या आधी तळपायावर उठल्या, मग टाळूवर. रविवारपासून तिने पाण्याचा घोट घेतलेला नाही. तिची मुलगी गेली त्यातच, दोन जावईही गेले. पोपट होता, तोही गेला. बघायचंय का? या, जवळ या ना."

पावलं मागे मागे गेल्याचं टेमारने ऐकलं. पोपटाला देवी! हसू दाबायला तिने हाताला कडकडून चावा घेतला.

गाव मागे पडल्यावर डीकननी कातडं बाजूला केलं. ते घोड्यांच्या कानांकडे बघत राहिले.

"नाव काय त्याचं?" त्यांनी विचारलं. "तुमच्या नवऱ्याचं."

मेरीलँडपासून इथवर किती घरं झाली, किती चांगली माणसं भेटली. कुत्र्यांचं सगळ्यांनी विचारलं होतं. हे कुणीच विचारलं नव्हतं.

"सायरस," टेमार म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना. डीकननी घोडे हळू केले.