अठरा नावांचा डबा

मी एक जुना डबा आहे. पत्र्याचा, गोल, भाकरीच्या तव्याएवढा. पण मित्रांनो, मला पिठाचा नाहीतर चहाचा डबा समजू नका. माझ्या पोटात एके काळी सिनेमाचं रीळ होतं. निम्मा बुलढाणा जिल्हा मी पालथा घातला आहे. आज अंगावर गंज चढला असला तरी माझा ताठा गेलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यातला. आम्हा डब्यांना ठोकून, वाकवून, घासून चकचकीत केलं गेलं. माझ्या बरोबरीचे भाऊ मोठमोठ्या सिनेमांच्या दिमतीला गेले. माझ्या वाट्याला आलं वीस मिनिटांचं एक मुकं रीळ. मी हिरमुसलो होतो, खोटं कशाला बोलू?

ते रीळ जानरावांचं होतं. मोताळ्याच्या बाजारात त्यांचं फोटोचं छोटंसं दुकान होतं. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. जानरावांचं मूळ घर सुलतानपूरजवळच्या एका वस्तीत. एका उन्हाळ्यात वस्तीतले पुरुष रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेले आणि मागे राहिलेल्या सतरा बायांनी आपली आपण विहीर खोदायला घेतली. बायकांच्या हातून कुठे विहीर होते का, म्हणून आजूबाजूची गावं हसली. जानराव हसले नाहीत. एक जुना कॅमेरा त्यांनी मिळवला होता, तो घेऊन ते विहिरीच्या काठावर जाऊन बसले. पहिली टोपली डोक्यावर घेणारी पंचफुलाबाई त्यात आली. पाणी लागलं तेव्हा चिखलात फतकल मारून हसणारी चांगुणाबाई आली. ही चांगुणाबाई म्हणजे जानरावांची माय.

त्या दिवशी जानरावांनी बायांना शब्द दिला होता, "तुमची नावं पडद्यावर उजेडानं लिहीन." आणि त्यांनी लिहिली. रिळाच्या सुरुवातीला एक लांब कोरी पट्टी, मग सिनेमा काढणाऱ्याचं म्हणून त्यांचं स्वतःचं नाव, मग एकेक करून सतरा बायांची. एकूण अठरा. रिळाची प्रत मात्र एकच निघाली. दुसरीची ऐपत नव्हती.

मला काखोटीला मारून जानराव शहरात एका सिनेमा-वितरकाकडे गेले. वितरकाने रीळ पाहिलं आणि जांभई दिली. "गाणं नाही, मारामारी नाही, आवाजसुद्धा नाही. वर ही नावांची यादी! नावं कापा, मग बघू."

"नावं राहतील," जानराव म्हणाले आणि मला घेऊन उठले. त्या क्षणी माझा रुसवा गेला. असा मालक सगळ्याच डब्यांना मिळत नाही.

त्यानंतर मी दुकानातल्या फळीवर धूळ खात पडलो. सिनेमा काढणं एक आणि तो लोकांपर्यंत नेणं दुसरं, हे जानरावांना कळून चुकलं होतं. पण बाजाराच्या दिवशी दुकानाच्या पायरीवर मंजुळाबाई कासारीण बसायची. बाजारामागून बाजार करत ती दुसरबीड, सुलतानपूरपर्यंत जायची. तिच्या जिभेला हाड नव्हतं आणि पायाला थारा नव्हता. तिने एकदा मला पाहिलं.

"जानराव, हे काय झाकून ठेवलं बे?"

"शिनेमा हाय, मावशी. कोणी घेत नाही."

"मले दे. बाजारात तंबूवाले मह्या वळखीचे हायेत. खेळ ईकला तर मले मह्या वाटा, नाही ईकला तर तुह्या डबा तुले."

जानरावांनी एकच अट घातली. रीळ मुकं आहे, तेव्हा पडद्याशेजारी उभं राहून तिने गोष्ट सांगायची आणि आधी अठराही नावं घ्यायची. मंजुळाबाईला अक्षर येत नव्हतं. तिने एका दोरीत अठरा बांगड्या ओवल्या. जानराव एकेक नाव सांगत गेले, ती एकेक बांगडी सरकवत गेली. तिसऱ्या खेपेला तिला बांगड्या बघाव्याही लागल्या नाहीत.

मित्रांनो, विकावं कसं हे त्या बाईकडून शिकावं. बांगड्या भरताना बाईचा हात कासारणीच्या मुठीत असतो. निम्म्या बांगड्या चढल्यावर ती उठून जाईल कशी? तेवढ्यात मंजुळाबाई आपलं घोडं दामटायची.

"आज सांजच्याले तंबूत येजो व माय. बायांनी ईर खंदली, थे दाखवून राह्यले."

"बायांनी? काही तरीच!"

"तं मंग येऊनच पाह्य ना! पंचफुलानं पह्यली टोपली उचलली. तुह्याच वयाची हाय."

दुसरबीडच्या तंबूचे मालक हिंमतराव आधी तिला उभं करत नव्हते. मोठ्या सिनेमाच्या आधी हा मुका खेळ लावला तर लोक तंबू फाडतील, असं त्यांचं म्हणणं. संध्याकाळी बायांची रांग बैलगाड्यांच्या अड्ड्यापर्यंत गेलेली पाहिली आणि ते स्वतः मला न्यायला आले. दोन्ही हातांनी उचललं मला त्यांनी! पडद्यावर पाणी उसळलं तसा साऱ्या बायांनी एकच गलका केला. मी यंत्राखाली उघडा पडलो होतो. माझं पोट रिकामं होतं, पण ऊर भरून आला होता.

पण घात तिथेच झाला. कोऱ्या पट्टीच्या वेळी पडदा नुसता पांढरा दिसतो आणि पोरं शिट्ट्या मारतात. म्हणून यंत्र चालवणाऱ्याने ती पट्टी कापून टाकली. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. बिचाऱ्याला वाटलं, रिकामी तर आहे. आता यंत्राचे दात प्रत्येक खेळाला रिळाचं तोंड चावतात, आणि चावलेला हातभर तुकडा दर वेळी कापावा लागतो. कोरी पट्टी त्यासाठीच असते. ती गेल्यावर पहिल्या खेळाला जानरावांचं नाव गेलं, दुसऱ्याला पंचफुलाबाईचं. पुढे बाजारागणिक एक नाव कातरीखाली जाऊ लागलं. मंजुळाबाई लोकांकडे तोंड करून बोलायची. पडदा तिच्या पाठीशी, आणि अक्षर तर तिला येतच नव्हतं. हे फक्त मला दिसत होतं, आणि मला तोंड नव्हतं. इतकं असहाय मला पुन्हा कधी वाटलं नाही.

हिवाळ्यात तंबू सुलतानपूरला आला. जानराव मोताळ्याहून आले. वस्तीतल्या सतराही बाया ठेवणीतली लुगडी नेसून पुढे बसल्या. नावं वाचायला त्यांनी शाळेत जाणारी एक नात मुद्दाम सोबत आणली होती. मंजुळाबाई त्या दिवशी गप्प होती. ज्यांची गोष्ट त्यांनाच काय सांगायची, आणि नावं तर नात वाचणारच आहे, असं म्हणून ती कडेला उभी राहिली.

यंत्र सुरू झालं आणि पडद्यावर एकदम कुदळ आली.

"आजे, नाव तं नाही आलं," नात म्हणाली.

पंचफुलाबाई उठल्या. "काऊन रे जानराव? आमचं नाव कुठी गेलं?"

जानरावांनी यंत्र थांबवलं आणि रिळाचं टोक हातात घेतलं. त्यांचा चेहरा उतरला. "कटून गेलं, मावशी," ते कसंबसं म्हणाले. "मी शब्द देल्ला होता. चुकलो मी." चांगुणाबाईंनी पदर तोंडाला लावला.

मंजुळाबाई पहिल्यांदाच पडद्याकडे वळली. पांढरा, रिकामा पडदा. "म्हंजे पडद्यावर नाव नव्हतंच?" ती म्हणाली. "अन् मी तं दर बाजारात घेऊन राह्यली!"

ती पुढे आली. दोरी, बांगड्या काहीच हातात नव्हतं.

"पंचफुला!"

पंचफुलाबाई दचकल्या. मग शाळेतल्या हजेरीसारखं ताठ उभ्या राहून म्हणाल्या, "हाव!"

एकामागून एक नाव आलं. एकामागून एक "हाव!" उठलं. सतरावं नाव चांगुणाबाईंचं. त्यांचं "हाव" तंबूबाहेर गेलं असेल.

"अन् हे ज्यानं काढलं, थो मोताळ्याचा जानराव!"

जानराव रिळाचं टोक धरून खाली मान घालून उभे राहिले. तेव्हा त्यांच्या मायनेच त्यांच्या वतीने सांगितलं, "हाव! हाय, हाय, मह्या जानराव हाय!"

मग तंबूत जो टाळ्यांचा कडकडाट झाला, तसा मोठ्या सिनेमांच्या माझ्या भावांनीही ऐकला नसेल.

दुसऱ्या दिवशी पंचफुलाबाईंनी मला उलटं-पालटं करून पाहिलं. "पट्टी तुटते. पत्रा थोडीच तुटते? इथं कोर," त्यांनी फर्मावलं. जानराव खिळा घेऊन माझ्या झाकणाच्या आत पंचफुलाबाईंचं नाव कोरायला लागले, तोच मंजुळाबाईने बांगड्या भरताना धरावं तसं त्यांचं मनगट धरलं. "आधी तुह्यं." खिळा टोचला, दुखलं. पण तसं दुखणं मला रोज चाललं असतं.

रिळाला नवी कोरी पट्टी लागली आणि आम्ही आणखी कितीतरी बाजार केले. पुढे तंबू उठले, रीळही आंबट वास धरून कुजून गेलं. आता मी बंद दुकानाच्या फळीवर आहे. जानरावांच्या घरचे माझ्या पोटात शर्टाची बटणं ठेवतात. चालायचंच.

मित्रांनो, दुसऱ्याने केलेली वस्तू खुशाल विका. विकणारा भेटला नाही तर चांगली वस्तूही फळीवर कुजते, हे मी भोगलं आहे. पण ती ज्याने केली त्याचं नाव आधी घ्या. आणि पुढची कोरी पट्टी रिकामी दिसते म्हणून कापू नका.

कधी मोताळ्याला आलात तर माझं झाकण उलटं करा. गंज अजून त्या अक्षरांपर्यंत पोचलेला नाही. अठरा नावं मोठ्याने वाचा आणि प्रत्येक नावानंतर थोडं थांबा. ती माणसं आता राहिली नाहीत. त्यांच्या वतीने "हाव" मी म्हणेन.