वाकडं बोट

लोक म्हणत्यात, नंदाबाई, एवढ्या मोठ्या माणसांत तुमी चिखलाच्या पायानं गेलातच कशा? गेले ती गेले! मला काय इचारताय, त्या शौनकला इचारा.

शौनक म्हंजे तळेगावच्या वासंतीबाईंचा ल्योक. आधी कालेजात यंत्रमानवांवर संशोधन करायचा. भात लावणारं यंत्र करायचं म्हून दोन वर्सं आमच्या वराळे गावच्या खाचरात आला. आमच्या मनगटांना, जास्ती करून माज्याच, बारके क्यामेरे बांधायचा, आमी रोप कसं लावतो त्ये यंत्राला दावायला. मी तवाच सांगितलं, "बाबा, आमच्यात सावड असती. आमी तुज्या कामाला, तर तू आमच्या कामाला." हसत हसत चिखलात उतरला. सगळं वाकडंतिकडं लावायचा, आमच्यातली शकुबाई त्याचं रोप उपटून परत लावायची. पन यायचा. गुणाचं पोर वाटलं तवा.

मंग कालेजातली नोकरी सोडली, कंपनी काढली, मोठी गाडी आली. आमच्याकडं फिरकायचं बंद झालं.

गेल्या आषाढात यंत्र दावायला त्यानं माज्या शेजारचंच खाचर घेतलं. मांडव काय, खुर्च्या काय, कंपनीत पैसा लावणारे पुण्या-मुंबईचे सायेब काय! आमी बायका बांधावर उभ्या. शौनक माईकवर म्हणतो कसा, "या यंत्राला कुणीही शिकवलेलं नाही. ते आपलं आपण शिकलं."

माजं टाळकंच सटकलं.

माज्या उजव्या हाताचं पहिलं बोट इळा लागून वाकडं झालंय, त्याला वीस वर्सं झाली. त्यामुळं रोप खोवताना मी मनगटाला डावीकडं एक हिसका देते. गावात दुसरं कुणी देत न्हाई, द्यायची गरजच न्हाई. आन् ते यंत्र? दर रोपाला डावीकडं हिसका! शकुबाई तोंडाला पदर लावून म्हणाली, "अगं नंदे, ह्ये तर तुजंच ध्यान!"

मी पदर खोचला, रोपांची मूठ उचलली आन् उतरले त्येच्या बाजूला. एक रोप त्येचं, एक माजं. त्येचा हिसका, माजा हिसका. खुर्च्यांवरचे सायेब उठून बगाया लागले. मंग बोट वर करून वरडले, "माजं तर इळ्यानं मोडलं. ह्येचं बोट कुटं मोडलं, इचारा की त्याला!"

एका सायबानं इचारलं, ह्या कोण?

शौनकचं तोंड उतरलं. म्हणाला, "इथल्याच मावशी आहेत. चाचणीच्या वेळी मदतीला होत्या."

मदतीला! दोन वर्सं कंबर मोडली आमी, आन् मदतीला! जीभ कशी झडली न्हाई मेल्याची.

"परवा माजी लावणी हाय," मी म्हणलं. "सावड हाय ती. यंत्र धाडू नगंस. तू ये."

आला. एकटाच, पँट गुडघ्यापतोर दुमडून. आमी सात बायका खाचरात वाकलेल्या. बांधावर खाली मान घालून उभा राह्यला आन् म्हणाला, "मावशी, यंत्राला तुम्हीच शिकवलं. चुकलं माझं."

शकुबाईचे डोळे भरले. माजे न्हाई भरले.

"ह्ये हितं कशाला सांगतुस?" मी म्हणलं. "हितं समद्यांना ठावं हाय."

आन् रोपांची मूठ त्याच्या हातात दिली. "दिसभर लाव. मंग त्या सायबांना परत बलाव, आन् त्यांच्या म्होरं बोल."