ताईंचा अंगठा

"बाई, तुम्ही फार वाचता," साहेब म्हणाला, तेही कपाळाला आठ्या घालून. वाचनालयाच्या नोकरीत उभी हयात गेली, पण ताईंना हे आजवर कुणी म्हणालं नव्हतं. कौतुक आहे की दम, तेच त्यांना कळेना.

साहेब चौकशी खात्याचा होता. पोरसवदा, कडक इस्त्रीचा, बोलायला मऊ. त्यानं लॅपटॉप ताईंकडे वळवला. "मंगळवारी दुपारी तुम्ही पंपाची दुरुस्ती वाचत होता. त्याच वेळी घटस्फोटाचे नियम. त्याच वेळी मुतखडा, आणि बाळाची नावं. तुम्ही आहात तरी किती जणी?"

ताईंना हसू फुटलं. कारण सरळ होतं. वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर बसायचं तर आधी मशीनवर अंगठा टेकवायचा, असा नवा नियम आला होता. म्हणजे कोण काय वाचतं ते वर कळणार. नियम करणाऱ्यांच्या अंगठ्यांवर रेषा शाबूत असतील हो! इथे यायचे गवंडी, भांडी घासणाऱ्या बायका, म्हातारेकोतारे. मशीन कुणाला म्हणून ओळखेना. रांग लागायची, वादावादी व्हायची. शेवटी वैतागून ताईच सगळ्यांसाठी आपला अंगठा टेकवू लागल्या. शौर्य कसलं डोंबलाचं, डोक्याला ताप नको म्हणून.

"ते सगळं राहू दे," साहेब म्हणाला. "हा लेख कुणी वाचला तेवढं सांगा."

लेख गावाच्या नळाच्या पाण्याचा होता. गावाच्याच पैशानं तपासणी झाली, पण निकाल छापला एका महागड्या मासिकात, तोही तज्ज्ञांच्या अगम्य भाषेत. वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर बसून तो वाचता यायचा, बाहेर न्यायला बंदी. कुणीतरी तो सोप्या भाषेत लिहून काढला आणि बघता बघता गावातल्या प्रत्येक फोनवर पोचला.

"वाचणं गुन्हा आहे का?" ताईंनी विचारलं.

"नाही."

"मग लिहिलंय ते खोटं आहे?"

"तसंही नाही."

"अहो, मग झालं काय?"

"बाहेर सांगायची परवानगी नव्हती."

"म्हणजे पाणी आम्ही प्यायचं, आणि त्यात काय आहे ते मात्र..."

"बाई, प्रश्न मी विचारतोय." साहेबाचा आवाज जरा चढला, पण चेहरा त्याचाही गोंधळलेलाच होता. "नाव सांगा, तुम्ही सुटाल. नाहीतर नोकरी जाईल."

नवऱ्याचं दुकान कधीच बसलं होतं. घर चालायचं ते ताईंच्या पगारावर आणि नणंदेच्या पेन्शनवर. ताईंनी डोकं खाजवलं. कोण असेल? पंपवाला? तो तर सही करतानाही घामाघूम होतो. त्या खरंच सांगू शकत नव्हत्या.

साहेबानं सोप्या भाषेतला मजकूर पुढे केला. ताई वाचू लागल्या. लहान मुलांना समजावल्यासारखं लिहिलं होतं, आणि दर परिच्छेदाच्या शेवटी: "समजलं का? नसेल तर परत वाचा."

ताईंनी ते वाक्य परत वाचलं. हे वाक्य त्या लग्न झाल्यापासून ऐकत होत्या, आमटीत मीठ कमी पडलं तरी ऐकत होत्या. वन्सं! निवृत्त शिक्षिका. रोज दुपारी कॉम्प्युटरवर पेपर वाचायच्या नावानं येऊन बसायच्या. खडूनं अंगठा झिजलाय म्हणायच्या, आणि ताई आपला टेकवायच्या.

"आठवलं का कुणी?"

नाव घेतलं की वन्संची पेन्शन बंद आणि वर खटला. नाही घेतलं तर... इतकी वर्षं वन्संनी छळलं होतं, नाव तोंडाशी आलंही होतं.

"अंगठा माझा आहे ना?" ताई म्हणाल्या. "मग वाचलं मीच."

"लिहिलंतही तुम्हीच?"

"हो." त्या उठून नळावर भरलेल्या माठाकडे गेल्या, घोटभर पाणी प्यायल्या, सवयीनं साहेबालाही पेला भरून दिला. साहेबानं तो हळूच बाजूला सारला आणि बॅगेतून स्वतःची बाटली काढली.

ताई बघतच राहिल्या. "साहेब, तुम्ही हे कुणाच्या अंगठ्यावर वाचलंत?"

साहेब बाटलीचं झाकण फिरवत बसला. मग खाली मान घालून त्यानं ताईंचं नाव टाइप केलं आणि वाचनालयाच्या किल्ल्या मागून घेतल्या.

ताई भर दुपारी घरी पोचल्या. वन्सं चपला घालून वाचनालयाकडेच निघाल्या होत्या.

"अगं, आज इतक्या लवकर? मी आता यायचीच होते. बरं वाटत नाही का?"

ताई पायरीवर टेकल्या. रागही येत होता, रडूही.

"माझी नोकरी गेली, वन्सं," त्या म्हणाल्या. "समजलं का? नसेल तर परत सांगते."

वन्संनी चपला काढल्या. मग त्या तशाच ताईंशेजारी पायरीवर बसल्या.