तराजूसरांची गल्ली

युद्धाचे नियम शिकवणाऱ्या प्राध्यापकांना विद्यार्थी पाठीमागे 'तराजूसर' म्हणत. सरांचं ठरलेलं वाक्य होतं, "एका पारड्यात लष्करी फायदा, दुसऱ्यात नागरिकांचे जीव, मग तोलायचं." स्वतः सरांनी युद्ध पाहिलं होतं ते टीव्हीवर, तेही आवाज बारीक करून. उंटावरून शेळ्या हाकण्याचा आपल्याला पगार मिळतो, हे ते स्वतःच हसत हसत सांगत.

चित्रकला यथातथाच. उदाहरण काढायचं तर फळ्यावर त्यांना एकच गल्ली जमायची, लहानपणीची. डावीकडे बेकरी, उजवीकडे शिंप्याचं दुकान, मध्ये नळ, कोपऱ्यावर जिन्याचं घर. शिंप्याच्या तळघरात शत्रूचा दारूगोळा भरायचा, आजूबाजूला बारा नागरिक ठेवायचे आणि वर्गाला विचारायचं, टाकावा का बॉम्ब? अशी ती बिचारी गल्ली वर्षानुवर्षं उडत आली होती.

त्या दिवशी जाहीर व्याख्यान होतं. सैन्याने सीमेपलीकडच्या एका गावातलं गोदाम उडवलं होतं. शेजारची बारा माणसं गेली होती आणि पेपरांत नुसती हमरीतुमरी चालली होती. पहिल्या रांगेत संरक्षण खात्याच्या समितीच्या अध्यक्षाबाई बसल्या होत्या. हल्ल्याआधी सल्ला देणाऱ्या त्यांच्या समितीत एक जागा रिकामी होती आणि सरांचा जीव त्या जागेत अडकला होता. बाईंच्या शेजारी सरांची आई. सूनबाई कामावर गेलेली, आईला घरी एकटं ठेवायची सोय नाही, म्हणून सर तिला बरोबर घेऊन आले होते.

सरांनी झोकात गल्ली काढली. "हा दारूगोळा. हे बारा नागरिक. दुःखद आहे, पण फायद्याच्या प्रमाणात. त्या गावातही तेच झालं."

"अगंबाई, हे तर आपलं घर!" आई म्हणाली.

सभागृह हसलं. सरही हसले.

"आणि बाराच कसे रे? शिंपीणबाई बाळंतीण होती. तिचं बाळ धरलंस का?"

"तेरा धरू, आई. तरी प्रमाणात."

"बेकरीत ते दोघं भाऊ झोपायचे, ते?"

"मग पंधरा. पण फायदा मोठा आहे ना!" बोलता बोलता सरांना वाटलं, आपण बाजारात घासाघीस करतोय, तीही उलटी.

"नळावर मी असायचे."

"सोळा," सरांच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

या वेळी कुणी हसलं नाही. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई मात्र रागावली नाही. चष्मा सारखा करून तिने फळा पुन्हा निरखला.

"तू कुठे आहेस रे यात?"

"मी... मी शाळेत गेलोय, आई."

"दर वेळी?"

अध्यक्षाबाई पुढे झुकल्या. "सर, सोळा झाले. किती झाले की तुम्ही नको म्हणाल? आम्हाला तेवढंच सांगा."

उत्तर सरांना तोंडपाठ होतं. नियमात आकडा नसतो, प्रत्येक वेळी नव्याने तोलायचं असतं. परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळाले असते. पण त्या गावातही कुणी पोरगं शाळेत गेलं असेल आणि संध्याकाळी दप्तर घेऊन परत आलं असेल, हे सरांच्या मनात आलं. इतक्या वेळा गल्ली उडवली, पण सर एकदाही शाळेतून घरी आले नव्हते.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "त्या बारा जणांना मी प्रमाणात म्हणालो, ते मागे घेतो. त्यांच्यातला एकही जण मला माहीत नाही."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. जागा गेली, हे सरांना तिथेच कळलं. टाळ्याही पडल्या नाहीत.

सरांनी डस्टर उचलला, पण नळापाशी हात अडला. फळा तसाच ठेवून ते खाली उतरले.

आई पिशवी सावरत उठली. "सुटली ना शाळा?" ती म्हणाली. "चल मग घरी."