डाव्या डोळ्याचं धनुष्य

मास्तरांनी धनुष्याचं खालचं टोक बुटावर टेकवलं, गुडघ्याच्या आधाराने ते वाकवलं आणि दोरीचा फास वरच्या खाचेत सरकवला. सत्तरी उलटली तरी या कामात त्यांचा हात चुकत नसे. दोरीवर टिचकी मारून त्यांनी आवाज ऐकला आणि धनुष्य नातीच्या हातात दिलं.

"हे माझं?" भिंगरीने विचारलं. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं. सात वर्षांत तिला एका जागी दोन मिनिटं उभं राहिलेलं कोणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे घरीदारी ती भिंगरीच.

"आधी ओढून बघ. मग तुझं."

दुकान अरुंद आणि लांबलचक होतं. पुढे काउंटर, दोन्ही भिंतींवर टांगलेली धनुष्यं, आणि मागे पंधरा पावलांची मोकळी जागा. तिच्या टोकाला गवताच्या गठ्ठ्यावर कागदी टार्गेट लावलेलं. दुकानाची मालकीण मास्तरांचीच जुनी विद्यार्थिनी. पोस्टमनची मुलगी म्हणून तिरंदाजीच्या मैदानावर आली, तीन वर्षांत भल्याभल्यांच्या नाकी नऊ आणले, आणि आता चाळिशीच्या उंबरठ्यावर हे दुकान चालवत होती. मास्तर समोर आले की अजूनही आपोआप ताठ उभी राहायची.

"डोळा बघितलात ना, मास्तर?" बाणांना पिसं चिकटवता चिकटवता तिने विचारलं. "उजवंच नक्की?"

"बघितला. उजवंच."

तिने मान डोलावली. मास्तरांचा शब्द तपासून बघायची कोणाला सवयच नव्हती.

धनुष्य हातावरून ठरत नाही, डोळ्यावरून ठरतं. ज्या डोळ्याचा नेम, त्याच बाजूच्या हाताने दोरी ओढायची. चाळीस वर्षं मास्तर नव्या मुलांना पहिल्याच दिवशी हे सांगत आले होते. परीक्षाही साधी. कागदाला एक भोक पाडायचं, हात लांब करून त्यातून समोरचं झाड बघायचं आणि झाड नजरेतून न सुटू देता कागद तोंडाजवळ आणायचा. ज्या डोळ्याचं राज्य, त्यावर भोक आपोआप येतं. गेल्या रविवारी भिंगरीच्या डाव्या डोळ्यावर आलं होतं. मास्तरांनी तीनदा करून घेतलं. तिन्ही वेळा डावा. मग त्यांनी तो कागद चुरगाळून खिशात घातला आणि दुकानात फोन केला, की लहान मुलीसाठी एक उजवं धनुष्य बाजूला काढून ठेव.

कारण समोर खुर्चीवर बसलं होतं, मोबाइलमध्ये डोकं घालून. मास्तरांचा मुलगा, भिंगरीचा बाप.

तोही आठव्या वर्षी मैदानावर आला होता. त्याचाही डोळा डावा. हे मास्तरांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मुलाला कधीच नाही. क्लबात तेव्हा नऊ धनुष्यं होती, सगळी उजवी. मास्तरांनी मुलाच्या डाव्या डोळ्यावर पट्टी बांधली आणि म्हणाले, होईल सवय. सवय झाली नाही. पट्टी काढली की बाण डावीकडे, पट्टी बांधली की कुठेही. पाच वर्षं पोरगा रोज सगळ्यांच्या आधी मैदानावर यायचा आणि सगळ्यांच्या देखत बोलणी खायचा. तेराव्या वर्षी एका सकाळी आलाच नाही. त्यानंतर बापलेकांत बोलणं राहिलं ते जेवलास का, निघालास का, पोचलास का, एवढ्यापुरतंच.

आणि गेल्या महिन्यात त्याचा फोन आला होता. "हिला धनुष्य हवंय, डोकं खाल्लंय माझं. तुम्हीच घेऊन द्या, बाबा. शिकवा पण तुम्हीच. तुम्हालाच कळतं त्यातलं." चोवीस वर्षांत मुलाने त्यांच्याकडे काही मागितलं ते हे पहिलंच. मास्तरांना त्या रात्री आनंदाने जेवण गेलं नव्हतं. आता हिला डावं धनुष्य घेतलं, तर मुलगा विचारणार, डावं का? मग डोळ्याची गोष्ट निघणार. मुलगा काही दूधखुळा नव्हता. लहान वय आहे, वळेल डोळा, मास्तर स्वतःला समजावत राहिले. हेच त्यांनी एकदा आधीही स्वतःला समजावलं होतं.

"पाय खांद्याइतके लांब. हां. आता ओढ आणि सोड."

पहिला बाण टार्गेटच्या डाव्या काठाला खरचटून गेला. भिंगरी खिदळली. दुसरा गवतात, डावीकडे. तिसऱ्या वेळी तिने दोरी ओढली, तेव्हा तिची मान हळूच उजवीकडे कलली. डावा डोळा बाणाच्या रेषेत यायला धडपडत होता. बाण बाजूच्या फळीवर आपटला आणि खाली पडला.

मुलाने मोबाइल खिशात टाकला आणि तो उठून आला.

"मान सरळ ठेव."

"सरळच आहे."

"वाकडी होतेय. पुन्हा कर."

चौथा बाणही फळीवर गेला.

"लक्ष कुठंय तुझं? समोर बघायचं आणि सोडायचं. इतकं सोपं आहे!"

शब्द तेच होते. 'इतकं सोपं आहे'च्या शेवटी चढणारा आवाजही तोच. मास्तरांनी हे वाक्य हजारदा म्हटलं होतं, पण ते समोरून कधी ऐकलं नव्हतं. भिंगरी धनुष्य हातात धरून उभी राहिली. नुसती उभी. पाय हलत नव्हते, तोंड चालत नव्हतं. तिने एकदा बापाकडे पाहिलं आणि मग खाली पडलेल्या बाणाकडे, आपल्याला कळत नाही असं काय आहे त्यात, हे शोधत असल्यासारखं. हा चेहरा त्यांनी पाच वर्षं रोज पाहिला होता, आणि दर वेळी त्याला ढिलाई असं नाव दिलं होतं.

"तिला ओरडू नकोस," ते म्हणाले. "ती चुकत नाहीये."

"मग कोण चुकतंय?"

"धनुष्य उलटं आहे. तिचा डोळा डावा आहे."

काउंटरमागे पिसं चिकटवणारे हात थांबले. "पण मास्तर, तुम्ही तर आत्ताच..." मालकिणीने वाक्य अर्धवट सोडलं. तिने मास्तरांकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं आणि काउंटरला वळसा घालून बाहेर आली. "चल गं, भिंगरी. आत रंगीत पिसांचा डबा आहे. तुझ्या बाणांना कोणती लावायची ते तूच सांग." तिने पोरीच्या हातातलं धनुष्य अलगद काढून घेतलं आणि तिला आतल्या खोलीत नेलं.

दुकानात दोघंच उरले.

"कधीपासून माहीत होतं?" मुलाने विचारलं.

"रविवारी कागदातून बघितलं."

"मी हिचं विचारत नाहीये."

मास्तरांना खोटं बोलायला अजूनही वाव होता. तेव्हा एवढं शास्त्र कुठे होतं, असं म्हटलं असतं तर मुलाने बहुधा मान्यही केलं असतं.

"पहिल्या दिवसापासून," ते म्हणाले.

आतून भिंगरीचा आवाज येत होता. तिला हिरवी पिसं हवी होती, आणि एक लाल, आणि एक कोणतंही.

"या ताईंना डावं धनुष्य मागवलं होतंत," मुलगा आतल्या खोलीकडे बघत म्हणाला. "मला आठवतंय. खोक्यातून आलं होतं. मी स्वतः फोडलं ते खोकं."

"हो."

"मग मला का नाही?"

"पोस्टमनच्या मुलीसाठी क्लबकडे अर्ज केला, तर कोणी काही बोलणार नव्हतं. तुझ्यासाठी केला असता, तर म्हणाले असते, मास्तरांनी क्लबच्या पैशातून घरच्या पोराला धनुष्य आणलं. तुझी आई म्हणाली होती, बोलू देत. मला ते जमलं नाही." मास्तर थांबले. "मी कोणाला झुकतं माप देत नाही, असं सगळे म्हणायचे. मला ते फार आवडायचं."

"आणि पट्टी? ते ओरडणं?"

"तुझा डोळा डावा आहे, हे मला खोटं ठरवायचं होतं. तू नेम साधला असतास, तर माझी चूक झालीच नव्हती. म्हणून तू चुकलास की मला तुझा राग यायचा."

मुलगा हसला. त्या हसण्यात काही चांगलं नव्हतं.

"अजून मी भिंतीत खिळा ठोकताना बायकोला हाक मारतो," तो म्हणाला. "म्हणतो, जरा बघ गं, सरळ आहे का. सदतीस वर्षांचा आहे मी, बाबा. मला वाटायचं, माझी नजरच खोटी आहे."

मास्तरांना खाली बसायचं होतं, पण मुलगा उभा असताना बसणं त्यांना बरं वाटेना. क्षमा मागायचा सराव त्यांना नव्हता. "माझं चुकलं," ते म्हणाले. ते एवढंच निघालं आणि त्यांच्याच कानाला फार तोकडं वाटलं.

मुलाने खाली वाकून फळीजवळचे दोन्ही बाण उचलले. टोकं तपासली, पिसं सरळ केली आणि बाण काउंटरवर ठेवले. नीट, एकमेकांना समांतर. मग दारापाशी जाऊन रस्त्याकडे बघत राहिला. रस्त्यावर पाहण्यासारखं काही नव्हतं. तो आता पोरीला हाक मारेल आणि निघून जाईल, असं मास्तर धरूनच चालले होते. तसं केलं असतं तर तो चुकला असता असंही नाही.

भिंगरी धावत बाहेर आली. तिच्यामागे मालकीण, हातात दुसरं धनुष्य घेऊन.

"डावं एक कायम ठेवते मी दुकानात," ती म्हणाली. "खपत नाही. तरी ठेवते."

या वेळी मास्तर पुढे झाले नाहीत. मालकिणीनेच पोरीला उलट्या बाजूने उभं केलं, मूठ उजव्या हातात दिली, दोरी डाव्या. भिंगरीला डाव्या हाताने ओढणं जड जात होतं, तिने जीभ बाहेर काढली. बाण सुटला आणि टार्गेटच्या खालच्या कोपऱ्यात रुतला. मधल्या वर्तुळापासून बराच लांब. पण ओढताना मान कलली नव्हती. ते तिघांनी पाहिलं.

"लागला!" भिंगरी ओरडली आणि तिथल्या तिथे दोन गिरक्या घेऊन बाण आणायला पळाली.

मालकिणीने धनुष्याची दोरी उतरवली, ते कापडी पिशवीत घातलं, हिरव्या आणि लाल पिसांचे सहा बाण बांधले. मैदानाच्या वेळापत्रकाचा कागद पुढे ओढून तिने पेन उघडलं आणि तिथेच अडखळली.

"शिकवायला... नाव कोणाचं लिहू?"

मास्तरांनी काउंटरच्या कडेवरून हात काढून घेतला. उत्तर देण्याचा हक्क त्यांच्याकडे उरला नव्हता, हे त्यांना समजत होतं.

"यांचंच," मुलगा म्हणाला. "यांच्याइतकं कोणाला येत नाही." मग तो प्रथमच वळून बापाकडे सरळ बघत उभा राहिला. "पण मीही येणार. रोज. तुम्ही तिला काय सांगता, ते ऐकत बसणार."

"ये," मास्तर म्हणाले. "लांब बसू नकोस. सगळं ऐकू येईल, असा बस."