माझ्या उतारावरची माती

मित्रांनो, कोरेगावच्या पुढे उसाच्या फडांमध्ये तुम्हांला अर्धवट उरलेले एक मातीचे टेकाड दिसेल. तेच मी. एकेकाळी मी गाव होते.

शेकडो वर्षांपूर्वी माझ्यावर मातीची घरे होती, कुंभाराची भट्टी होती. मग एकामागून एक दुष्काळ पडले, विहिरी आटल्या आणि माणसे गुरे हाकत निघून गेली. एका बाईने जाताना दाराला कडी घातली. तिला परत यायचे होते. कुणीच आले नाही. भिंती पावसात विरघळल्या. घरांचे उंचवटे झाले, गल्लीचा चर झाला. लोक मला ‘पांढर’ म्हणू लागले. माणसे राहून गेली की मातीही पांढरट होते.

अलीकडची गोष्ट सांगते. माझ्या शेजारच्या वस्तीवर सुलाबाई नांदायला आली. तिची पहिली मुलगी बारशाआधीच गेली. इतक्या लहान बाळाला जाळत नाहीत, पुरतात. तिचा नवरा लालासाहेब एकटाच आला. माझ्या पूर्वेच्या उतारावर त्याने खड्डा घेतला आणि वर दगड ठेवला. ओल्या बाळंतिणीला कुणी येऊ दिले नाही. घरात तो विषय पुन्हा निघाला नाही.

पुढे सुलाबाई शेरडे घेऊन यायची आणि त्या दगडाजवळ बसायची. ती रडत नसे. भोवतीचे गवत तेवढे उपटायची. मग शंभूराज झाला, मोठा होऊन फौजेत गेला. लालासाहेब वारला.

यंदा शंभूराज पेन्शनवर घरी आला. मला सपाट करून ऊस लावायचे त्याने ठरवले. आई कराडला भाचीच्या लग्नाला गेली होती, तेव्हा मशीन आले आणि पूर्वेकडूनच सुरू झाले. ट्रॉल्या भरभरून माझी माती खत म्हणून लोकांच्या रानांत गेली.

सुलाबाई एसटीतून उतरली ती थेट इकडेच आली. शंभूराजने पाण्याचा तांब्या पुढे केला. तिने तो घेतला नाही. माती कुठे नेली, एवढेच विचारले. चौघांच्या रानांत पसरली, असे त्याने सांगितले.

“तितं तुजी भन हुती रं,” ती म्हणाली. “पद्मा नाव ठेवनार हुते मी.”

त्याने तांब्या खाली ठेवला. मग म्हणाला, “आई, कवा बोलली न्हाईस तू.”

“कुनी बोलू दिलं न्हाई. मग मलाच सवय लागली.”

त्याने मशीन बंद करायला लावले. चारही रानांत तो वाकून हातांनी माती चाळत फिरला. खापरे सापडली, बांगडीचा तुकडा सापडला. ते सगळे माझ्या जुन्या माणसांचे होते. शेवटी बांधावर बसलेल्या सुलाबाईनेच त्याला घरी चल म्हटले.

उरलेले अर्धे मी अजून इथेच आहे. सुलाबाई आता येत नाही. कुठे बसावे, ते तिला कळत नाही.

मित्रांनो, माती तुमचीच आहे, हवी तेव्हा न्या. पण आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. इथे तुमचे कुणी आहे का, असे विचारा. उत्तराला वेळ लागला, तर थांबा.